लाईट बिलापासून जनसुनावणीपर्यंत: मोठ्या माणसांचं शिक्षण कशाभोवती बांधायचं?

प्रौढ शिक्षण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर रात्रीचा वर्ग येतो, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पाटीवर स्वतःचं नाव गिरवणारी पन्नाशीतली माणसं, आणि बाजूला उभं राहून कोणीतरी फोटो काढतंय. हे चित्र खोटं नाहीये पण अर्धवट आहे, आणि कार्यक्रम आखणारी मंडळी हेच अर्धवट चित्र समोर ठेवून सिलॅबस बनवतात, गडबड तिथूनच सुरू होते. लिहिता-वाचता न येणारे प्रौढ जगात अजून 70 कोटींच्या वर आहेत आणि त्यात बायकांची संख्या जास्त, हे खरंच. पण शाळा शिकलेल्यांचं काय? ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्याच्या संघटनेने 2023 मध्ये 31 देशांत प्रौढांच्या कौशल्यांची पाहणी केली, हे बहुतेक श्रीमंत देश, जिथे शाळा कधीपासून सक्तीची आहे, आणि तिथेसुद्धा सरासरी 18 टक्के प्रौढ वाचन, आकडेमोड आणि नवीन परिस्थितीत प्रश्न सोडवणं या तिन्हीत अगदी तळाच्या पायरीवर निघाले. म्हणजे अक्षरं येतात, सही येते, पण समोर आलेल्या कागदाचं करायचं काय ते कळत नाही.

तर प्रश्न असा की मोठ्या माणसांसाठी शिक्षण आखायचं झालं तर ते कशाभोवती आखायचं. माझं उत्तर एका ओळीचं आहे, विषय घेऊ नका, काम घ्या. आता हे जरा उलगडून सांगतो.

विषय म्हणजे वाचन, गणित, आरोग्य, आर्थिक साक्षरता, नागरिकशास्त्र असले कप्पे. काम म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचून लहान मुलाला किती द्यायचं ते ठरवणं, भाड्याच्या करारावर सही करायच्या आधी त्यात काय लिहिलंय ते समजून घेणं, बँकेच्या नावाने आलेला मेसेज खरा की खोटा ते ओळखणं, मुलांच्या शाळेतल्या पालक मीटिंगमध्ये हात वर करून प्रश्न विचारणं. मुलं शाळेत विषय शिकतात कारण त्यांना पुढे कधीतरी उपयोग होईल असं आपण सांगतो आणि ती (नाइलाजाने का होईना) ऐकून घेतात. मोठा माणूस दिवसभर राबून संध्याकाळी दोन तास काढून येतो तेव्हा त्याला "पुढे कधीतरी" चालत नाही, त्याला या आठवड्यात काहीतरी सुटलेलं हवं असतं. ते नाही सुटलं तर तो भांडत नाही, तक्रार करत नाही, नुसता यायचा बंद होतो. मग अहवालात "लाभार्थ्यांमध्ये शिक्षणाबद्दल उदासीनता" असं छापून येतं, वाचून डोकं फिरतं खरं सांगायचं तर.

आता एक काम जवळून बघू, लाईट बिल. हे मुद्दाम घेतोय कारण वीज असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात ते येतं आणि जवळजवळ कोणीच ते पूर्ण वाचत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपलं स्वतःचं बिल आणायचं. छापील नमुना नको, स्वतःचंच, कारण नमुन्यातल्या बिलाचे पैसे कोणाला भरायचे नसतात. पहिलं काम फक्त तीन गोष्टी शोधायचं, किती भरायचे, कधीपर्यंत भरायचे आणि बिल कोणाच्या नावावर आहे. ज्याला अक्षरं येत नाहीत तो आकडे ओळखतो, ज्याला दोन्ही येतं तो शेजारच्याला दाखवतो, आणि इथेच पहिली मजा होते कारण दोनतीन जणांचं बिल अजून आधीच्या मालकाच्या किंवा वारलेल्या माणसाच्या नावावर निघतं. मग नाव बदलायला काय लागतं हा एक वेगळा धडा आपोआप तयार झाला, तो सिलॅबसमध्ये कुठे होता?

दुसऱ्या दिवशी मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग. दोन्हीची वजाबाकी म्हणजे वापरलेले युनिट. वजाबाकी शिकवायला याच्याइतकं चांगलं गणित मला तरी माहीत नाही कारण उत्तर चुकलं की बिलावरच्या आकड्याशी जुळत नाही आणि कोणालाही न विचारता चूक कळते. मग घरी जाऊन मीटरवरचा आजचा आकडा लिहून आणायचा. तिसऱ्या दिवशी तो आकडा बिलाशी ताडून बघायचा, आणि आता एकदोघांचं जुळत नाही. एकाच्या बिलावरचं रीडिंग आजच्या मीटरपेक्षा जास्त दाखवतंय, हे शक्यच नाही ना, मीटर काय मागे फिरतो? मग कळतं की बिलावर बारीक अक्षरात रीडिंग अंदाजे घेतलंय असं लिहिलंय, म्हणजे मीटर बघायला कोणी आलंच नाही किंवा आलं तेव्हा घर बंद होतं. चौथ्या दिवशी अर्ज. काय चुकलंय, कोणत्या तारखेचं बिल, मीटरवर प्रत्यक्ष किती आहे, मला काय करून हवंय, सोबत काय जोडलंय. पाच वाक्यांत बसतो. अर्जाची पोच घ्यायची, ती कुठे ठेवायची, उत्तर नाही आलं तर किती दिवसांनी परत जायचं आणि कोणाकडे, हे सगळं धड्यातच.

आणि मग पाचव्या दिवशी कोणीतरी हमखास विचारतं, की मी या महिन्यात घरी नव्हतो, एक युनिटसुद्धा जळलं नाही, तरी बिल आलंच कसं? बऱ्याच ठिकाणी स्थिर आकार नावाची एक ओळ असते, वापरा न वापरा भरावीच लागते. शिवाय बऱ्याच ठिकाणी जास्त युनिट वापरले की पुढच्या युनिटचा दर चढतो. हे कोण ठरवतं? अनेक देशांत वीजदर ठरवायला वेगळा आयोग किंवा नियामक असतो आणि दर बदलायच्या आधी लोकांच्या हरकती मागवतात, जनसुनावणी होते. तिथे कोण जातं? बहुतेक वेळा मोठे ग्राहक, त्यांचे वकील, आणि दोनचार चिकाटीची माणसं. आता आपल्या वर्गातल्या पंधरा जणांना बिल ओळ न ओळ कळतंय, चुकीच्या रीडिंगचा पुरावा हातात आहे आणि अर्ज लिहिता येतोय. हरकत पाठवायची का नाही ते त्यांनी ठरवावं.

बघा, आपण नागरिकशास्त्र असा शब्दसुद्धा काढला नाही. सुरुवात झाली किती पैसे भरायचे इथून आणि पोचलो दर कोण ठरवतं इथपर्यंत, मध्ये कुठेही विषय बदलला नाही. म्हणून मला जीवनकौशल्यं वेगळी आणि सक्रिय नागरिकत्व वेगळं, सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं, अशी आखणी पटत नाही. फॉर्म भरता येणं हे कौशल्य, आणि या फॉर्ममध्ये हा रकाना का आहे, तो नसता तर कोणाचं अडलं असतं, हे विचारता येणं म्हणजे नागरिकत्व. फॉर्म तोच असतो.

हे काही माझं डोकं नाही, याला चांगला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये 1950 च्या दशकात मतदार यादीत नाव घालायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवायला लागायचा, आणि ही अट कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवायला बरोबर वापरली जायची. जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर जानेवारी 1957 मध्ये एक रात्रीचा वर्ग सुरू झाला, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. चालवणाऱ्यांमध्ये शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि बेटावरचे पुढारी इसॉ जेंकिन्स होते, पैसे आणि पाठबळ टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेचं. शिकवायला त्यांनी मुद्दाम शिक्षक घेतला नाही, बर्नीस रॉबिन्सनना घेतलं, ज्यांचा ब्यूटी पार्लरचा व्यवसाय होता. का, तर शिक्षक मोठ्या माणसांशी लहान मुलांसारखं बोलेल ही भीती. आणि दुसरं एक पक्कं व्यावहारिक कारण, सरकारी शाळेतल्या शिक्षकाची नोकरी अशा कामात सहज जायची, खुद्द क्लार्क यांची आदल्याच वर्षी गेली होती, तर पार्लरवालीचं गिऱ्हाईक तिच्याच समाजातलं, तिला कोण काढणार? रॉबिन्सननी सुरुवातीला लहान मुलांची पुस्तकं आणली होती, ती लगेच बाजूला ठेवली आणि लोकांना विचारलं तुम्हाला काय शिकायचंय. उत्तरं काय आली? स्वतःचं नाव लिहायचंय, मनीऑर्डर भरायचीय, कॅटलॉगवरून माल मागवायचा फॉर्म भरायचाय, लांब गेलेल्या मुलाचं पत्र वाचायचंय. मतदान हा हेतू होताच, पण सुरुवात मनीऑर्डरपासून झाली. पहिल्या वर्गातले बहुतेक जण काही महिन्यांत मतदार झाले, असे वर्ग दक्षिणेत पसरत गेले, आणि 1965 च्या मतदान हक्क कायद्याने ती वाचनाची अटच मोडीत काढली. कायदा एकट्या वर्गांमुळे आला असं म्हणणं चूक होईल, पण तो येईपर्यंत नाव नोंदवायला रांगेत उभी राहणारी माणसं आणि गावोगावचे कार्यकर्ते यातले पुष्कळ या वर्गांतून आले होते.

साधारण त्याच सुमारास ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होते. 1963 मध्ये अँजिकोस नावाच्या गावात सुमारे 300 मजुरांना 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवायचा प्रयोग त्यांनी केला. अक्षरमालेपासून सुरुवात नाही, तर लोकांच्या रोजच्या बोलण्यातले मोजके शब्द आधी गोळा करायचे, उदाहरणार्थ वीट. विटेचं चित्र दाखवायचं, आधी गप्पा, वीट कोण पाडतं, घर कोणाचं उभं राहतं, आपलं का नाही, आणि मग तो शब्द तोडून त्यातली अक्षरं. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षराला मतदानच नव्हतं, तो हक्क मिळायला 1985 उजाडलं, त्यामुळे 300 माणसं वाचायला शिकली म्हणजे 300 नवीन मतदार, आणि हे राजकारण्यांना न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

उलटं उदाहरणही बघायला हवं कारण "कामापासून सुरुवात" हे तत्त्व भलतीकडे सुद्धा जातं. युनेस्कोने 1967 ते 1973 या काळात 11 देशांत एक मोठा प्रयोग केला, कार्यात्मक साक्षरतेचा. कल्पना छान, शेतकऱ्याला शेतीतून अक्षरं, कामगाराला यंत्रातून. पण काम म्हणजे फक्त उत्पादन असा अर्थ घेतला गेला, माणूस जास्त पिकवेल कसा आणि कारखान्यात जास्त काढेल कसा एवढंच, त्याचं घर, त्याचे हक्क, त्याची भांडणं, त्याची भाषा सगळं बाहेर. निकाल जेमतेम लागले आणि संस्थेच्या स्वतःच्याच मूल्यमापनात दृष्टी फार अरुंद असल्याची टीका झाली. 1975 मध्ये इराणमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निघालेल्या पर्सेपोलिस जाहीरनाम्यात साक्षरतेचा संबंध माणसाच्या मुक्तीशी जोडला गेला. तेव्हा काम निवडताना ते कोणाच्या सोयीचं आहे हे विचारायचंच. शिकणाऱ्याच्या अडचणीतून आलंय, का मालकाच्या, बँकेच्या, एखाद्या योजनेच्या टार्गेटमधून?

आणि कधीकधी वर्ग आखणाऱ्यांच्या हातातून निसटतो, ते तर सगळ्यात भारी. आंध्रच्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठांमध्ये दारूने घर कसं बुडतं याची गोष्ट होती. ती वाचून, त्यावर बोलून दुबगुंटा गावातल्या बायकांनी गावातलं अरॅकचं (तिथल्या देशी दारूचं) दुकान बंद पाडलं, 1992 मध्ये ते आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरलं आणि 1993 मध्ये सरकारला अरॅकवर बंदी घालावी लागली. तमिळनाडूत पुदुकोट्टईमध्ये त्याच काळात साक्षरता मोहिमेसोबत बायकांना सायकल शिकवली, लाखभर बायका शिकल्या. सायकल आणि अक्षर यांचा संबंध काय असं कोणीही विचारेल. पण बाईला वर्गाला, बाजाराला, कामाला जायला कोणीतरी नेऊन सोडायची वाट बघावी लागत असेल तर तिची पहिली अडचण अक्षर आहे का सायकल, हे आखणी करणाऱ्याला खुर्चीत बसून कळणार नाही.

मग अडचणी शोधायच्या कशा? "तुम्हाला काय शिकायला आवडेल" असं थेट विचारलं की लोक संकोचतात आणि समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात, इंग्रजी, कम्प्युटर, शिवणकाम, झालं. त्यापेक्षा मागच्या महिन्यातलं विचारा. कुठला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला? कुठल्या ऑफिसातून काम न होता परत यावं लागलं आणि काय सांगून परत पाठवलं? फोनवर काही अडलं की कोणाला हाक मारता? पैसे कशात फुकट गेले असं वाटतं? कुठे बोलायचं होतं पण गप्प बसलात? या पाच प्रश्नांवर पंधरावीस जणांशी निवांत बोललात की सहा महिन्यांचा सिलॅबस वहीत उतरलेला असतो. शेवटचा प्रश्न विसरू नका, त्याची उत्तरं यायला वेळ लागतो पण नागरिकत्वाचा सगळा माल तिथे आहे.

एक काळजी मात्र घ्यायची, सगळ्यांच्या अडचणी एक नसतात. तरुण पोराला नोकरीचा फॉर्म, सासूबाईंना औषधं, एकट्या बाईला घराचा करार. अशा वेळी सगळ्यांवर एकच धडा लादण्यापेक्षा आळीपाळीने घ्या, या पंधरवड्यात तुमचं काम, पुढच्या पंधरवड्यात माझं, आणि दुसऱ्याच्या कामात मदत करताना शिकणं होतंच. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळं नावाचा प्रकार 1902 च्या आसपास सुरू झाला आणि अजून चालू आहे, आठदहा जण जमतात, विषय स्वतः ठरवतात, एक जण नुसता चालवतो, शिकवत नाही, परीक्षा नाही, आणि सरकार त्याला अनुदान देतं.

आता मूल्यमापन, जिथे बहुतेक कार्यक्रम स्वतःची फसवणूक करतात. किती जण आले, किती जणांनी प्रमाणपत्र घेतलं, किती जणांनी उजळणीचे प्रश्न बरोबर सोडवले. यातल्या एकाही आकड्यावरून माणसाला काम करता येतं का ते कळत नाही. 2006 मध्ये अमेरिकेत 395 रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, औषधाच्या लेबलवरच्या सूचना लोकांना कितपत कळतात यावर. "दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या" ही सूचना वाचन कच्चं असलेल्यांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी बरोबर सांगितली. चांगलं आहे की. मग त्यांना म्हटलं, आता दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा, तर बरोबर मोजणारे निघाले फक्त 35 टक्के. म्हणजे वाक्य बरोबर सांगणाऱ्यांतले साधारण निम्मे दिवसाच्या चार गोळ्या होतात इथपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणजे वर्गात "समजलं का" विचारून सगळ्यांनी माना डोलावल्या तर त्याला काडीचा अर्थ नाही. मोजून दाखवा, भरून दाखवा, फोन लावून दाखवा, आणि दोन महिन्यांनी परत दाखवा, कारण फॉर्म भरायचं शिकून सहा महिने एकही फॉर्म भरला नाही तर ते विसरणारच.

(याच अभ्यासातून दुसरीही एक गोष्ट निघते, की चूक नेहमी वाचणाऱ्याचीच नसते. "सकाळी दोन, रात्री दोन" असं छापलं असतं तर? एखाद्या वर्गाने औषध दुकानदाराला किंवा दवाखान्याला एवढं जरी सुचवलं तरी तेही सक्रिय नागरिकत्वच आहे.)

मोबाईलचं वेगळं सांगायला हवं. डिजिटल साक्षरता म्हणून जे शिकवतात ते बहुतेक ठिकाणी बटणं शिकवणं असतं, हे दाबा, ते दाबा, आणि ॲप अपडेट झालं की बटण हलतं आणि सगळं शिकलेलं पाण्यात. त्याऐवजी सवयी शिकवाव्यात. पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही. घाई लावणारा मेसेज आला की फोन खाली ठेवायचा आणि त्या संस्थेचा नंबर आपण स्वतः शोधून फोन करायचा, मेसेजमधला नंबर नाही. आणि बातमी खरी का खोटी हे बघायला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलेली युक्ती फारच कामाची आहे. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक अशा 45 जणांना अनोळखी वेबसाईट दाखवल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचत बसले, लोगो बघितला, भाषा बघितली, आणि बरेच फसले. तपासणारे लोक पान वाचायच्या आधीच दुसरी टॅब उघडून ही वेबसाईट कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघायला गेले आणि झटक्यात ओळखून परत आले. ही युक्ती शिकवायला पदवी लागत नाही. उलट मला यात मजा ही वाटते की शहाणी, चिकाटीने वाचणारी माणसंच इथे जास्त अडकली.

आता वर्गाच्या आतलं. नागरिकत्व शिकवायचं आणि वर्ग मात्र हुकूमशाही पद्धतीने चालवायचा, हे जमत नाही. वेळ कोणती, रजा कधी, उशिरा येणाऱ्याचं काय करायचं, कोणाचं काम आधी घ्यायचं, हे वर्गानेच मीटिंग घेऊन ठरवलं पाहिजे, आणि ती मीटिंग हाच धडा. अजेंडा म्हणजे काय, एका वेळी एकानेच बोलायचं म्हणजे काय, मिनिट्स कसे लिहितात, मागच्या वेळी ठरलेलं झालं का नाही ते पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला विचारायचं. आणि ज्याचं म्हणणं मतदानात हरलं त्याने पुढच्या आठवड्यात परत तेच मांडायचं का, का मान्य करून पुढे जायचं, हे तर मोठमोठ्या सभागृहांत बसणाऱ्यांना जमत नाही. पण ज्या बाईने वर्गाच्या वेळेवरून पंधरा लोकांसमोर आपलं म्हणणं लावून धरलंय तिला पालक मीटिंगमध्ये किंवा वस्तीच्या बैठकीत उभं राहणं थोडं तरी सोपं जातं. भाषणाने ते होत नाही. "मतदान हे पवित्र कर्तव्य आहे" छाप पाठ तर माझ्या मते सरळ काढून टाकावेत, त्यांनी कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. त्यापेक्षा यादीत आपलं नाव आहे का ते शोधून दाखवा, नसेल तर अर्ज करा, आणि निवडून आलेल्या माणसाच्या हातात नेमके कोणते अधिकार असतात आणि कोणते नसतात ते बघा, म्हणजे चुकीच्या दारावर डोकं आपटणं तरी वाचेल.

माहिती मागण्याचा हक्कही यातच येतो. सरकारी कागद बघायला मिळण्याचा कायदा पहिल्यांदा स्वीडनने 1766 मध्ये केला, आज शंभराहून जास्त देशांत असे कायदे आहेत. प्रौढ वर्गात हा अर्ज लिहिणं म्हणजे प्रश्न नेमका कसा विचारायचा याचं उत्तम ट्रेनिंग. "रस्ता खराब का आहे" याला उत्तर येत नाही. "या रस्त्यासाठी मागच्या वर्षी किती खर्च मंजूर झाला आणि किती झाला त्याची प्रत द्या" याला उत्तर द्यावं लागतं, निदान टाळलं तर टाळलं हे कागदावर येतं.

बाकी व्यवस्थेचं पटकन. वेळ लोकांच्या कामाप्रमाणे, लहान मुलांना बसायला जागा आणि कोणीतरी बघणारं, अंतर चालत जाण्याइतकं, बैठक गोल. वर्ग शाळेत घ्यायचा असेल तर जरा जपून, ज्यांनी लहानपणी तिथे मार खाल्लाय त्यांना त्या बाकावर परत बसायला नको वाटतं. मुलांची अंकलिपी मोठ्यांच्या हातात देऊ नका. आणि जो माणूस भाजीचा हिशोब तोंडी करतो त्याला गणित येत नाही असं समजू नका, त्याला कागदावरचं गणित येत नाही, आधी त्याची तोंडी रीत काय आहे ती समजून घ्या, कित्येकदा ती तुमच्यापेक्षा जलद असते.

आता शेवटचा आणि नाजूक मुद्दा, जो प्रस्तावात कोणी लिहीत नाही. असा वर्ग खरोखर चालला तर कधीतरी कोणाला तरी बोचणार. फ्रेरींना ब्राझीलमध्ये 1964 च्या लष्करी उठावानंतर 70 दिवस तुरुंगात टाकलं आणि मग बरीच वर्षं देशाबाहेर राहावं लागलं. हायलँडर शाळेची सनद टेनेसी राज्याने 1961 मध्ये काढून घेतली आणि मालमत्ता जप्त केली, शाळा दुसऱ्या नावाने पुन्हा उभी राहिली ती गोष्ट वेगळी. एवढं टोकाचं प्रत्येक ठिकाणी होत नाही, पण ज्या ऑफिसने वर्गाला खोली दिलीय त्याच ऑफिसविरुद्ध वर्गाने तक्रार लिहिली की दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली सापडेनाशी होते, हे मात्र होतं. म्हणून सुरू करायच्या आधीच पैसे देणाऱ्याशी लेखी बोलून घ्यावं की शिकणारे स्वतःच्या अडचणींवर अर्ज, तक्रारी, हरकती लिहितील आणि तो कार्यक्रमाचाच भाग आहे. जागा शक्यतो कोणा एकाच्या मेहेरबानीवर नसावी. आणि तक्रार करायची का नाही, कोणाच्या सहीने करायची, हा निर्णय शिकवणाऱ्याने घेऊ नये, कारण तो संध्याकाळी घरी जातो आणि परिणाम भोगायला सही करणारा तिथेच राहतो. शिकवणाऱ्याचं काम एवढंच की सही करायच्या आधी त्या माणसाला काय काय होऊ शकतं ते पूर्ण कळलेलं असावं, चांगलं आणि वाईट दोन्ही, आणि सही नको म्हणाला तरी पुढच्या आठवड्यात त्याची जागा तिथे असावी.